टेन्शनर गेला

सासूबाईंचा फोन आला तेव्हा जावई एका पेशंटच्या अक्कलदाढेशी झटत होता, त्यामुळे निरोप बायकोमार्फत पोचला.

"आईचा फोन होता. बाबांचं टेन्शन गेलं म्हणे एकदाचं!"

जावयाचा जीव भांड्यात पडला. कसलं टेन्शन, हे विचारायची गरजच नव्हती. लग्न दोघांनी आपलं आपण ठरवलं होतं. सासऱ्यांनी मोडता घातला नाही, आशीर्वाद दिला, फोटोत हसलेसुद्धा, पण तेव्हापासून जावयाशी त्यांचं बोलणं म्हणजे "या डॉक्टर, बसा डॉक्टर, घ्या ना डॉक्टर." अवघं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात गेलेलं. मिसरूड न फुटलेल्या पोरांनाही ते तिथे 'तुम्ही' म्हणायचे. 'तू' फक्त घरच्यांसाठी राखीव होतं, आणि घरच्यांत बायको, लेक, शेजाऱ्यांचं कुत्रं आणि त्यांची जुनी गाडी एवढी मंडळी येत. गाडीला तर ते चक्क "अगं बये" म्हणत.

कुत्र्याला तू, गाडीला तू आणि मला तुम्ही! जावयाला हे फार लागायचं. त्याचे आईवडील लवकर गेले होते. "अरे, इकडे ये" म्हणणारं वडीलधारं माणूस त्याला या जगात उरलं नव्हतं, आणि बायकोबरोबर ते मिळेल अशी त्याची भाबडी समजूत होती.

तेव्हा रविवारी तो हवेत तरंगतच सासुरवाडीला गेला. अंगणात गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि सासरे त्यात कमरेपर्यंत बुडालेले होते.

"या डॉक्टर," आतून आवाज आला.

जावयाचा पार पोपट झाला. तरी त्यानं धीर करून विचारलं, "बाबा, टेन्शन गेलं ना तुमचं?"

"टेन्शन कुठलं जातंय! टेन्शनर गेलाय. आमच्या हिला अर्धंच ऐकू येतं. थांबा, ऐकवतो." सासऱ्यांनी किल्ली फिरवली, आणि गाडीनं असा काही टाहो फोडला की शेजारचं कुत्रं अंगण सोडून गेलं.

मग गाडी बंद करून त्यांनी समजावून सांगितलं. इंजिन फिरलं की हा काळा पट्टा या सगळ्या पुल्यांवरून फिरतो आणि त्याच्यावर बॅटरी चार्ज होते, एसी चालतो. तो पट्टा ताणून धरायला स्प्रिंगचा एक हात असतो, त्याच्या टोकाला एक छोटी पुली. तोच टेन्शनर. स्प्रिंग थकली की पट्टा घसरतो आणि ही बया बोंबलत सुटते.

"नवीन आणलाय. पण एकानं पान्यानं हा हात मागे ओढून धरायचा आणि दुसऱ्यानं पट्टा चढवायचा. आमच्या हिचं मनगट दुखतंय."

"मी धरतो."

"छे हो, डॉक्टर. तुमचे हात काळे होतील."

"होऊ देत," म्हणत जावयानं बाह्या सरसावल्या.

काम सुरू झालं. जावयानं पट्ट्याचा रस्ता मोबाइलवर टिपून ठेवला. पान्यानं हात ओढला, सासऱ्यांनी पट्टा उतरवला, बोल्ट काढले. जुन्या टेन्शनरची पुली फिरवून बघितली तर वाळू दळल्यासारखी खरखरली. नवा बसवून बोल्ट आवळले. मग जावयानं सगळा जोर लावून नवा हात मागे ओढला आणि सासरे पट्टा चढवू लागले. तेवढ्यात खिडकीतून सासूबाई ओरडल्या, "जावईबापू, साखर किती घालू?" जावई उत्तर द्यायला वळला आणि पाना जरासा सैल झाला.

"अरे गाढवा, धर नीट! बोटं जातील माझी!"

जावयानं पाना धरला तो असा, की परत सुटायची बिशाद नव्हती. गाढवा! आणि वर अरे! त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की सासरे ओशाळले.

"माफ करा हं डॉक्टर. तोंडातून गेलं."

आनंद जसा आला तसा गेला. गाडी चालू केली तर बोंब थांबली होती, पण बारीक चिवचिव अजून शिल्लक होती. सासरे वैतागले. जावयाच्या बॅगेत दात बघायचा छोटा आरसा असायचा. गाडी बंद केल्यावर त्यानं तो फटीतून आत घातला आणि मान वाकडी करून बघितलं.

"बाबा, अगदी खालच्या पुलीवर पट्टा एक खाच बाहेर बसलाय."

"दाखवा बघू. च्यायला, खरंच की!"

पुन्हा पाना, पुन्हा जोर. सासऱ्यांनी या वेळी खाचा बोटांनी चाचपल्या, आरशात बघून खात्री केली आणि हात बाहेर काढला.

"बसला. सोडा आता हळूहळू."

जावई हलला नाही.

"डॉक्टर, सोडा ना."

"सोडा नको, बाबा. 'सोड' म्हणा, सोडतो."

"हा काय चावटपणा?"

"मघाशी तोंडातून गेलं ते परत येऊ द्या. नाहीतर मी संध्याकाळपर्यंत असाच उभा." त्यानं पाना आणखी आवळून धरला. "आई-बाबा गेल्यापासून मला कुणी अरे म्हणत नाही."

सासरे फडक्याला हात पुसत राहिले. पुसून झाले तरी पुसत राहिले.

"तू म्हणायला हक्क लागतो," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही दोघांनी सगळं ठरवून मग मला सांगितलंत. मला वाटलं, आपल्याला तेवढा हक्क दिलेला नाही. आणि मागायचा कसा?"

"आहे की हक्क. पहिल्यापासून आहे. आम्ही विचारायला हवं होतं, चुकलंच ते. पण आता लवकर म्हणा, हात गळून पडेल माझा."

"सोड रे बाबा, सोड!" सासरे पट्ट्याकडे बघत म्हणाले. "हळू. झटका देऊ नकोस."

जावयानं हळू सोडलं. पट्टा ताणला गेला. सासऱ्यांनी किल्ली फिरवली आणि दोघं कान देऊन उभे राहिले. बोंब नाही, चिवचिव नाही, नुसती इंजिनाची घरघर.

"झालीस का गप्प, बये?" सासरे गाडीला म्हणाले.

जावई नळाशी गेला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. एवढ्यात सासूबाई पुन्हा खिडकीत आल्या.

"अहो, चहा झाला. जावईबापू कुठेत?"

"तो हात धुतोय," सासरे म्हणाले. "येतोय."

जावयाचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते. तरी त्यानं पुन्हा साबण लावला, कारण चेहराही धुवायला हवा होता.