नजरेचा ढाळ

धाकटी मुलगी लग्न होऊन सासरी गेली त्याच वर्षी वरच्या अंगाच्या शेजाऱ्याने आपल्या जागेत भराव टाकला, आणि गवंड्याच्या परसात पाणी साचायला लागलं. पाऊस उघडला तरी आठ-आठ दिवस चिखल हटेना. मागच्या खोलीची भिंत कमरेपर्यंत ओली राहायची, आणि त्याच खोलीत त्याची बायको छातीच्या दुखण्याने पडून होती. पुढच्या खोलीत यायला ती तयार नव्हती. तिथे दोन महिन्यांचा नातू होता.

"ओल हटली नाही तर माझ्या औषधांनी काही होणार नाही," डॉक्टरने सांगून टाकलं.

गवंड्याने घरापासून चार हातांवर चर खणायला घेतला. तळाला खडी, तिच्यावर भोकांचा पाइप, वर पुन्हा खडी, आणि माती आत शिरू नये म्हणून भोवती कापड. पाणी पाइपात उतरून रस्त्याच्या गटारात जायला हवं.

"बाबा, एखादा माणूस लावा ना," सून म्हणाली.

"मग मी कोण आहे?"

चराला ढाळ द्यायचा तर पाण्याची नळी लागते. दोघांनी दोन टोकं धरायची. दोन्हीकडे पाणी सारख्या पातळीला उभं राहतं, त्यावरून तळाचा चढ-उतार कळतो. तीस वर्षं दुसरं टोक बायकोने धरलं होतं. कामावर ती विटा वाहायची, आणि हाक आली की घमेलं खाली ठेवून यायची. आता तिच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करणं गवंड्याच्या जिवावर आलं. ती असतानाच तिला मोडीत काढल्यासारखं ते वाटलं. त्याने ढाळ नजरेने धरला आणि चर बुजवून टाकला.

पुढच्या पावसात ओल छातीपर्यंत चढली. पाणी गटाराकडे जायचं सोडून घराकडे येत होतं.

"अहो, नळी लावली होती का?" बायकोने पडल्या पडल्या विचारलं.

"लावली होती."

"दुसरं टोक कुणी धरलं?"

गवंडी ओल्या भिंतीचा पोपडा नखाने काढू लागला.

"सुनेला हाक मारायची. ती काय खाणार होती तुम्हाला?"

"ते तुझं काम आहे."

"माझं काम आता श्वास घ्यायचं. तेवढंच उरकत नाहीये."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळा चर उकरला. सून नळी धरून उभी राहिली. बायको उशीला टेकून खिडकीतून बघत होती. "बोट काढ गं नळीच्या तोंडावरून," ती धापा टाकत म्हणाली, "पाणी सरकणार कसं?" सुनेने बोट काढलं. चराचं घराकडचं टोक चार बोटं खाली निघालं.

मध्येच पाऊस लागला. चिखलाने भरलेली खडी धुवायची, पुन्हा भरायची, यात नऊ दिवस गेले. ते सगळे दिवस ती त्याच ओलीत होती. दहाव्या दिवशी गटारात धार पडली.

"वाहतंय," गवंडी आत येऊन म्हणाला.

"केवढं?"

"अंगठ्याएवढं."

"मग झालं तर," असं म्हणून तिने भिंतीकडे तोंड केलं.

भिंत वरून खाली वाळत आली. जमिनीलगत वीतभर ओल राहिली होती, तेव्हा, ऑगस्टच्या अठरा तारखेला सकाळी, गवंड्याची बायको वारली.