खाऱ्या पाण्याचा दाखला

फेब्रुवारीत ते ब्राझीलचं साखरेचं जहाज पुन्हा कासाब्लांकाच्या धक्क्याला लागलं, तेव्हा लहसन रेंगाळत शिडी चढला. वर जहाजाचा अधिकारी एव्हाल्दो उभा असेल, त्याच्या नजरेला नजर द्यावी लागेल, याची त्याला धास्ती होती. पण वर दुसराच कुणी अधिकारी उभा होता. तरणा, हसरा.

"एव्हाल्दो सुट्टीवर का?" लहसननं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं.

"त्याला काढलं, सेन्योर. मागच्या खेपेला साखर भिजली ना इथं. मालाच्या कप्प्यावरच्या झाकणाचं रबर गळत होतं, समुद्राचं पाणी आत गेलं. रबराची देखभाल त्याच्याकडे होती." मग तो सहज म्हणाला, "तुम्हाला तर ठाऊकच असणार. दाखल्यावर तुमचीच सही होती."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. लहसनला तेच जास्त लागलं.

अकरा वर्षं लहसन या धक्क्यावर माल तपासत होता. ब्राझीलहून कच्ची साखर यायची. ती कोरडी आहे की नाही ते पाहून तो सही करायचा आणि त्याच्या शब्दावर साखर कारखाना माल उचलायचा. रिकामं जहाज धुऊन मग त्यात खतासाठीचं फॉस्फेट भरायचं, ते परत ब्राझीलला. एव्हाल्दोचा आजा तिकडे ऊसतोडीला जायचा. "सी लहसन," इथल्या रीतीनं नावाआधी मानाचं 'सी' लावून एव्हाल्दो म्हणायचा, "तुमची माती आमच्या उसाला खाऊ घालायची आणि आमचा ऊस तुमचा चहा गोड करणार. आपण दोघं मधले हमाल!" आणि स्वतःच खदाखदा हसायचा.

नोव्हेंबरातला तो शुक्रवार. लहसनच्या मुलीचा, इतिमादचा, संध्याकाळी साखरपुडा होता. जहाजाच्या तिसऱ्या कप्प्यात तासाभरात उतरेल एवढी साखर उरली होती. समुद्राकडून काळा ढग वर येत होता.

"सी लहसन, झाकण लावून घेऊ," एव्हाल्दो म्हणाला.

"अरे, हा ढग नुसता गुरगुरणारा. समुद्रावरच रिकामा होईल. उरकून टाकू, मला घरी जायचंय."

"मला लक्षण बरं दिसत नाही."

"पाऊस इथला आहे. तो तुला जास्त कळतो की मला?"

हमालांचा मुकादम लहसनच्या रोजच्या ओळखीतला. त्याला लहसनचा शब्द पुरेसा होता. त्यानं क्रेनचा पंजा पुन्हा कप्प्यात सोडला. पाचव्या मिनिटाला आभाळ फाटलं. पंजा आत, लोखंडी झाकण हळू सरकणारं. ते बंद होईतो वीस मिनिटं गेली. एक अख्खा कोपरा काकवीसारखा पातळ झाला.

लहसननं त्या पाण्यात औषधाचा थेंब टाकला. पाणी समुद्राचं असलं तर ते दुधासारखं पांढरं होतं. पावसाचं असलं तर निवळ राहतं. ते निवळच राहिलं.

हाज तिहामी त्याच्या कचेरीचे मालक. फोनवर ते खालच्या आवाजात म्हणाले, "पाऊस लिहिलास, तर झाकण कुणी उघडं ठेवायला लावलं ते विचारतील. माझी कचेरी बंद होईल आणि तू घरी बसशील. समुद्र लिही. जहाजवाल्यांचा विमा आहे. कुणाचं काही जात नाही."

लहसननं समुद्र लिहिला. एव्हाल्दोनं कागद वाचला आणि मान वर केली. "सी लहसन, हे खोटं आहे." तो एवढंच बोलला. लहसननं घड्याळाकडे पाहिलं आणि तो घरी गेला. नवऱ्याकडची माणसं जांभळ्या कागदात गुंडाळलेले साखरेचे सुळके परातीत घेऊन दारात उभी होती, बायका आनंदाच्या ललकाऱ्या देत होत्या, आणि लहसन सगळ्यांना मिठ्या मारत होता.

तीन महिने त्यानं स्वतःला तेच सांगितलं: विमा आहे, कुणाचं काही जात नाही. आता कळलं, एका माणसाची नोकरी गेली होती.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. यामना भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"त्या दिवशी तू वेळेवर आलास म्हणून मी किती खूश झाले होते," ती म्हणाली.

"यामना, मला माफ कर."

"मी? माझं काय बिघडलंय? ज्याचं बिघडलं त्याच्याकडे जा." थोड्या वेळानं तीच म्हणाली, "पण इतिमादचं लग्न दीड महिन्यावर आलंय, लहसन."

"ठाऊक आहे. तरी खरं काय ते लिहून कळवू का?"

"मग मला कशाला विचारतोस? मी थांब म्हटलं तर तुला बरंच वाटेल."

ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तो हाज तिहामींसमोर उभा राहिला आणि खरं काय ते लिहून देणार म्हणाला. हाज आधी हसले. "म्हातारपणी खरेपणाचं खूळ लागलं का? मक्केला जाऊन आलो मी आणि पश्चात्ताप होतोय तुला!" लहसन हसला नाही, तेव्हा त्यांचा आवाज चढला. "माझं नाव त्यात आलं तर बघ."

"तुमचं नाव कशाला? थेंब मी टाकला, सही मी केली."

त्यानं जहाजाच्या कंपनीला आणि साखर कारखान्याला एकच पत्र लिहिलं: पाणी पावसाचं होतं, झाकण माझ्या शब्दावर उघडं राहिलं, दाखला खोटा आहे. पत्र पोहोचलं. दहा दिवसांत त्याचा माल तपासण्याचा परवाना गेला. हाजनी त्याला उंबऱ्याबाहेरूनच निरोप दिला. इतिमादचं लग्न झालं. व्याही मंडळी जेवली, पण त्या दिवशी लहसनला शेजारी बसवून घ्यायला कुणी पुढे आलं नाही. पुढे त्यानं भाजीबाजारात तोलाईचं काम धरलं.

कंपनीनं एव्हाल्दोच्या नावावरचा ठपका पुसला, पण त्याची जागा भरली गेली होती. तो आता एका नदीत मालवाहू बार्ज चालवतो, असं त्या तरण्या अधिकाऱ्यानं कळवलं आणि त्याचा नंबर दिला.

तो नंबर आठवडाभर लहसनच्या खिशात राहिला. एका दुपारी, बाजार ओसरल्यावर, टोमॅटोच्या पेट्यांवर बसून त्यानं फोन लावला. पलीकडे इंजिनाची घरघर होती.

"मी लहसन. कासाब्लांकाहून."

घरघर जरा मंद झाली.

"पत्राचं कळलं मला," एव्हाल्दो म्हणाला.

"मी चुकलो. तुझ्यावर ढकललं."

"हो."

लहसननं ठरवून ठेवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. त्याला वाटलं, हा आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एकच विचारतो," एव्हाल्दो म्हणाला. "तीन महिने का लागले?"

लहसननं तोंड उघडलं. मुलीचं लग्न, हाज, विमा. सगळं जिभेपर्यंत आलं. ते सगळं खरं होतं, आणि यातलं काहीच या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"मला वाटलं, कुणाला कळणार नाही," तो शेवटी म्हणाला.

मग एव्हाल्दो कुणाला तरी वळण घ्यायला ओरडला आणि फोनवर येऊन म्हणाला, "मला काम आहे, लहसन."

त्यानं 'सी' म्हटलं नव्हतं. लहसननं फोन खिशात ठेवला. समोर एक बाई कधीची कांदे घेऊन ताटकळत उभी होती. तो उठला आणि तिचे कांदे तोलायला लागला.