राहून गेलेलं झाड

"फागूभाऊ कुठं आहेत?" नीलानं पुन्हा विचारलं, आणि या वेळी तिचा आवाज तिलाच परका वाटला.

जाळरेषेवर उभी असलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं पाहू लागली. समोरच्या उतारावर धूर दाटला होता. त्याच्या मागून वाळला बांबू फुटल्याचे आवाज येत होते. नीलाच्या हातात वाळल्या गवताचा टेंभा होता, पेटलेला. तो जमिनीला टेकवायचा तेवढा बाकी होता.

"म्याडम, लावा आता," मंगरू म्हणाला. तो वणवा विझवणाऱ्या टोळीतला जुना माणूस, आगीचं त्याला चांगलं कळायचं. "वारा अजून आपल्या पाठीतून येऊन राह्यला. फिरला का मंग आपल्या हातात काई नाई राहात."

"फागूभाऊंनी हाक दिली?"

"नाई देल्ली."

"मग नाही लावायची."

जाळरेषा म्हणजे जंगलातून झाडून-खरवडून काढलेला रुंद, मोकळा पट्टा. आग आली की तिला तिथं अडवायची. मोठी असेल तर रेषेच्या कडेनं आपणच उलटी आग लावायची. ती मोठ्या आगीकडं सरकत जाते, मधला पालापाचोळा आधीच खाऊन टाकते, आणि दोघी समोरासमोर आल्या की दोघीही उपाशी मरतात. हे सगळं नीलाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मधल्या जंगलात आपलाच माणूस असेल तर काय करायचं, हे मात्र शिकवलेलं नव्हतं.

आणि रेषेच्या अलीकडं, तिच्या पाठीशी, रोपवन होतं. आवळा, करंज, बांबू. चार वर्षांपूर्वी याच टोळीनं खड्डे खणून लावलेलं, पहिल्या उन्हाळ्यात नाल्यातून डोक्यावर पाणी आणून जगवलेलं. आवळ्याची झाडं आता नीलाच्या खांद्याला लागत होती.

नीला रामटेके मूळची गोंदियाजवळच्या कुडव्याची. वडील राईस मिलमध्ये हमाल, नवरा विवेक झेरॉक्सचं दुकान चालवणारा. तिला खरं तर बँकेत लागायचं होतं. बँकेनं दोनदा नाही म्हटलं आणि वनखात्यानं पहिल्याच झटक्यात हो म्हटलं, म्हणून ती वनरक्षक झाली आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडच्या बाजूच्या जंगलात येऊन पडली. स्वभाव काळजीचा. माणसांनी पाणी प्यायलं का, कुणाची चप्पल तुटली का, कुणाला ताप आहे का, हे विचारल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. टोळीतली माणसं तिची मजा करायची. "म्याडमले जंगलापेक्षा आमचीच चिंता हाये," मंगरू म्हणायचा. "आमी का मरून राह्यलो का?"

हाकेचा नियम तिचाच. उलटी आग लावण्याआधी रेषेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकानं आपलं नाव ओरडून सांगायचं. सगळी नावं आली की मगच टेंभा टेकवायचा. हा नियम कुठल्या पुस्तकातला नव्हता. तिच्या पहिल्याच उन्हाळ्यात धुरातून एक मजूर खोकत खोकत बाहेर आला होता, आणि तो आत आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

"म्याडम," मंगरूनं आता खालच्या आवाजात सांगितलं, "आमी भाकर खाऊन राह्यलो होतो तवा त्यानं धूर पाह्यला. उठला अन् मले म्हनला, येतो. मले वाटलं, नाल्याकडं चालला असन. मी काई इचारलं नाई."

नीलानं धुराकडं पाहिलं. धूर नाल्याच्या पलीकडून उठला होता. नाल्याच्या पलीकडं मोहाचं एक मोठं झाड होतं, आणि ते फागूचं होतं.

मोहाची झाडं सरकारी जंगलात, पण कुठलं झाड कुठल्या घरचं हे सगळ्या गावाला ठाऊक. कुठं लिहिलेलं नाही, पण त्यावरून भांडण झालेलंही कुणी ऐकलेलं नाही. चैत्रात पहाटे फुलं गळतात, ती वेचायला झाडाखालची जागा साफ लागते. साफ करायची जुनी सोपी रीत म्हणजे आदल्या दिवशी पाला पेटवून द्यायचा. जंगलातल्या निम्म्या आगी तिथूनच सुटायच्या. नीलानं मागच्या वर्षी गावात बैठक घेतली आणि सांगितलं, तुम्ही पेटवू नका, आमची टोळी तुमच्या झाडाखाली झाडून देईल. बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. पण टोळी खरोखरच झाडायचे फडे घेऊन झाडाखाली गेली आणि त्या वर्षी एकही आग लागली नाही.

त्यात सगळ्यात मोठा हात टोळीतल्या फागू कुमरेचा. कुणाचं झाड कुठं आहे हे तो डोळे मिटून सांगायचा. यंदा त्यानंच ठरवलं होतं की आधी गावाची झाडं झाडायची, टोळीतल्या माणसांची मागून, आणि त्याचं स्वतःचं सगळ्यात शेवटी. "नाई त गाव म्हनन, यायनं आपल्याच झाडाखाली आधी फडा मारला." नीलाला ते पटलं होतं, आवडलंही होतं. गावाची झाली, टोळीचीही झाली. काल संध्याकाळी तो घुटमळत म्हणाला होता, "म्याडम, मायावालं झाड राह्यलं. घरची कटकट करून राह्यली." "उद्या नक्की, फागूभाऊ," नीला म्हणाली होती. आणि आज सकाळी वरून फोन आला की रस्त्याकडची रेषा आधी साफ करा. उद्याचा परवा झाला. फागू फडा खांद्यावर टाकून रस्त्याकडं चालू लागला होता.

त्याच्या घरची म्हणजे दुर्पता. तिनं वाट पाहिली असेल, कंटाळली असेल आणि पाला पेटवला असेल. एवढी वर्षं पेटवतच आली होती ती. फागूनं धूर पाहिला आणि ओळखला. कुणाला सांगितलं असतं तर बायकोचं नाव सांगावं लागलं असतं. म्हणून तो एकटाच गेला, न सांगता. सगळं नीलाला आत्ता लख्ख दिसत होतं, आणि दिसून काही उपयोग नव्हता.

"फागूभाऊ," ती जीव खाऊन ओरडली. सगळ्यांनी ओरडायला सुरुवात केली. "फागूऽ, ए फागूऽ." धुरातून काही आलं नाही.

"म्याडम, तो हुशार हाये," केवळराम म्हणाला. हा टोळीतला सगळ्यात तरणा, पण दोन लेकरांचा बाप. "नाल्यात उतरला असन. नाल्यातून तिकडं गावाकडं निंगाला असन. आपुन इथं उभे राहून काऊन रोपवन जाळून घेऊन राह्यलो?"

"निघाला असेल. पण नसेल तर?"

मंगरूनं वाकून मातीची चिमूट उचलली आणि सोडली. माती सरळ खाली पडली.

"वारा थांबला," तो म्हणाला.

नीलाच्या हातातला टेंभा बोटांपर्यंत जळत आला होता. लावला तर रोपवन वाचेल, कदाचित. फागू नाल्यात असेल तर तोही वाचेल. आणि समोरच्या गवतातून येत असेल तर आपण आपल्या हातानं त्याच्या तोंडावर आग सोडली असं होईल. तिला भीती वाटत होती, आणि ती लपवायची शुद्धही राहिली नव्हती. तिनं टेंभा पायाखाली घेतला आणि बुटानं चिरडून विझवला.

"हिरव्या डहाळ्या तोडा," ती म्हणाली. "येईल तिथं झोडपून काढू."

मंगरूनं तिच्याकडं पाहिलं. यातून रोपवन वाचणार नाही हे दोघांनाही कळत होतं. तो कुऱ्हाड घेऊन पळसाकडं वळला.

फागू आणि दुर्पता आली ती समोरूनच. आधी गवत हललं, मग फागू दिसला, उघडाबंब. सदरा ओला करून त्यानं दुर्पताच्या डोक्यावर टाकला होता आणि तिला दंडाला धरून तो अक्षरशः ओढत आणत होता. तिच्या लुगड्याचा काठ करपला होता. उलटी आग जिथं लागली असती, नेमक्या त्याच जागेतून ती दोघं रेषेवर येऊन पडली. नीलानं धावत जाऊन पाण्याची कॅन त्यांच्या अंगावर रिकामी केली. ती तिथंच खाली बसली.

बसायला वेळ नव्हता. वारा फिरला. पेटती पानं रेषेच्या वरून उडत आली आणि रोपवनातल्या वाळल्या गवतात पडली. टोळी झोडपत राहिली, फागूही त्याच उघड्या अंगानं झोडपत राहिला. आवळे एकामागून एक पेटत गेले. दुर्पता रेषेवर उभी राहून पाहत होती. त्यातल्या कित्येक रोपांना तिनं स्वतः डोक्यावरून पाणी आणून घातलं होतं.

उन्हं उतरली तेव्हा रेंजरसाहेब जीप घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी कुणाला लागलं का ते विचारलं, मग काळ्या पडलेल्या रोपवनातून एक फेरी मारली.

"मॅडम, रेषा साफ होती, माणसं होती, वारा होता. काउंटर फायर का नाही लावली?"

"माणूस आत होता, सर."

"कोण? आणि आत कशाला गेला?"

फागू मान खाली घालून उभा होता. दुर्पताचं नाव घेतलं तर तिच्यावर गुन्हा, आणि टोळीतून फागू कायमचा बाहेर, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मंगरू, केवळराम, सगळे जमिनीकडं पाहत होते.

"मी लावला इस्तो," दुर्पता पुढं येऊन म्हणाली. काठ जळलेलं लुगडं तिनं कमरेला खोचलं होतं. "माया झाडाखाली लावला. त्याले काई माईत नोहोतं. तो मले आनाले आला." मग ती साहेबांकडून नीलाकडं वळली. "पुऱ्या गावाच्या झाडाखाली तुमी झाडून देल्लं. मायाच झाडाखाली कोनी नाई आलं. रोज म्हने उद्या. फुलं उद्याची वाट पाह्यत नाईत, बाई."

ती रडत नव्हती, भांडतही नव्हती. नीलाला वाटलं, हिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सर, ते खरं आहे," नीला म्हणाली. "झाडून द्यायचं मी कबूल केलं होतं. माझ्याकडून राहिलं. आणि उलटी आग लावायची नाही हा निर्णयही माझाच. जे काय असेल ते माझ्यावर घ्या."

"तुमच्यावर येईलच," साहेब थकलेल्या आवाजात म्हणाले. "पण म्हणून हिचं पुसलं जात नाही. आणि ज्याच्या घरची आग लावते, त्याला मी आग विझवायच्या कामावर ठेवू शकत नाही. एवढं तुम्हालाही समजतं."

समजत होतं. फागूनं वाद घातला नाही. खात्याचा फडा आणि कॅन त्यानं जीपच्या मागं नीट ठेवली, आणि नीलाजवळ येऊन थांबला. पापण्या जळल्यामुळं त्याचे डोळे उघडे-उघडे दिसत होते.

"म्याडम, तुमी थांबल्या," तो म्हणाला. मग तो बायकोच्या मागून गावाकडं चालू लागला.

रात्री विवेकचा फोन आला तेव्हा नीलानं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि पहाटेपर्यंत छताकडं पाहत पडून राहिली.

उजाडायच्या आधी ती फडा घेऊन नाल्याच्या पलीकडं, फागूच्या मोहाखाली गेली. तिनं कुणाला बोलावलं नव्हतं. पण मंगरू तिथं आधीच होता, केवळराम होता, बाकीचेही एकेक करून आले. पाला नव्हताच, नुसती राख होती. त्यांनी राख झाडली. दिसू लागलं तेव्हा झाडाखालची जमीन सारवलेल्या अंगणासारखी झाली होती.

लांबच्या झाडांखाली गावातल्या बाया वेचायला बसल्या होत्या, त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. इथं वर झळ लागून फुलांचे घोस काळे पडले होते.

दुर्पता आली, टोपली घेऊन. झाडलेल्या जमिनीकडं तिनं पाहिलं, मग वर पाहिलं, बराच वेळ. मागं फागू उभा होता, तो पुढं आला नाही. मग तिनं टोपली खाली ठेवली आणि लग्न करून आल्यापासून दर चैत्रात बसत आली तशी ती झाडाखाली उकिडवी बसली. नीला फडा बाजूला ठेवून तिच्या शेजारी जाऊन बसली. दुर्पतानं थोडं सरकून तिला जागा दिली. ऊन वर येईपर्यंत दोघी तिथं बसून होत्या, आणि एकही फूल पडलं नाही.