पाहुण्याचा वाटा

मी डोंगा बोलतोय, आणि रागाने बोलतोय. पाण्यातून नाही, पोलीस ठाण्याच्या आवारातून. माझ्या एका अंगाला अपघातातली मोटारसायकल पडलीय, दुसऱ्या अंगाला जप्त केलेला रेतीचा ट्रॅक्टर. पोटावर खडूने गुन्ह्याचा नंबर लिहिलाय. येणारे-जाणारे खर्रा खाऊन माझ्यातच थुंकतात. इथे मला मुद्देमाल म्हणतात.

माझा जन्म आंब्याच्या खोडातून; अख्खं खोड कोरून केलेली होडी म्हणजे डोंगा. तुमसरच्या पलीकडच्या आमच्या गावात मासे धरणाऱ्या सोमाजी ढिवराने मला वासल्याने तासलं, डांबर पाजलं आणि तलावात सोडलं. सोमाजीच्या मागे मी त्याच्या मुलाचा, बुधरामचा झालो.

तलाव ढिवरांच्या सोसायटीकडे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळे डोंगे एकदम निघायचे. मासे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर आणून घरटी वाटे लावायचे. त्यात एक वाटा जास्तीचा असे. त्या दिवशी पाळीवर जो कोणी परका उभा असेल, त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही आमची रीत. तो पाहुण्याचा वाटा. कधी तो बांगड्या विकणाऱ्या बाईला मिळे, कधी वाट चुकलेल्या ट्रकवाल्याला. मला ही रीत फार आवडायची.

एका वर्षी पाळीवर घनश्याम उभा राहिला. रेतीघाटावर माणसं बसवून ट्रक अडवणारा हा माणूस. भीतीपोटी सगळे त्याला भाऊ म्हणत. बुधरामने रीतीप्रमाणे त्याच्यापुढेही वाटा ठेवला. साधी माणसं ही. चोराला पाट मांडून दिला.

पुढच्या वर्षी तो माणसं घेऊन आला आणि वाटा मागून घेतला. मग म्हणाला, सगळे मासे माझ्याच गाडीत भरा, भाव मी सांगेन. बुधरामची बायको मंदाबाई टोपलं घेऊन तुमसरच्या बाजारात बसायची. घनश्यामच्या माणसाने लाथ मारून तिचं टोपलं नालीत लोटलं. बाजार भरलेला होता. पण नेमक्या त्याच वेळी सगळ्यांना खाली मान घालून मिरच्या निवडायच्या होत्या.

त्यानंतर सोसायटीची निवडणूक आली. दुसऱ्या कोणी अर्ज भरायची हिंमत केली नाही आणि घनश्यामचा मेव्हणा अध्यक्ष झाला. त्याला साधं जाळं झटकता येत नाही. तलावात उतरणार ढिवर, हातपाय कुजवून घेणार ढिवर, आणि धंदा घनश्यामचा. तरी गाव या लुटीला 'भाऊचा वाटा'च म्हणत राहिलं. हप्ता म्हणायला जीभ झडत होती का? अजून आठवलं की माझ्या लाकडाची आग होते.

यंदा बुधरामने वाटे लावले आणि हात झटकून उभा राहिला.

"पाहुण्याचा वाटा कुठी हाय?" घनश्यामने विचारलं.

"पाहुना असन तं ठेवीन," बुधराम म्हणाला.

घनश्यामने त्याला बोटही लावलं नाही. त्याच्या माणसाने कुऱ्हाड घेतली आणि गावादेखत माझा तळ फोडला. ज्यांच्या जाळ्यांचं ओझं मी वर्षानुवर्षं वाहिलं, ते सगळे आपापल्या माशांच्या ढिगाकडे बघत बसले. कुऱ्हाडीपेक्षा मला ते जास्त लागलं.

मंदाबाई तडक ठाण्यात आली. आधी तिला आपसातलं भांडण आहे, मिटवून घ्या, असं सांगण्यात आलं. ती हलली नाही. शेवटी नव्या फौजदार मॅडमनी तिला बसवून घेतलं. एकाने एकदा दम देणं वेगळं, त्या म्हणाल्या, आणि टोळी करून, पुन्हा पुन्हा भीती घालून लोकांचा धंदाच बळकावणं वेगळं. त्यासाठी संघटित गुन्हेगारीचा कायदा आहे. रेतीघाटावरचे जुने गुन्हेही निघाले, घनश्याम आत गेला, आणि जामीन काही मिळेना. फुटलेला मी पुरावा म्हणून इथे आलो.

कायदा चांगला आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण त्याला बोलणारी तोंडं लागतात. इतक्या ढिवरांमधून साक्षीला तयार झाला तो एकटा बुधराम. आणि घनश्यामचा वकील भारी हुशार. त्याला आमची रीत कळली. तो कोर्टात एवढंच विचारणार होता, वाटा तुझ्या हाताने तूच ठेवला होतास ना?

या एका प्रश्नाने बुधराम खचला. त्यात मेव्हण्याचा निरोप आला: साक्ष फिरव, डोंगा सोडवून, नवा तळ ठोकून तलावात आणून देतो.

आज तारीख. समन्स घेऊन बुधराम आणि मंदाबाई सकाळीच ठाण्यात आली. फाटकाबाहेर मेव्हण्याची गाडी उभी होती, दार उघडं ठेवून. बुधराम माझ्या काठावर बसला.

"लबाड कसा बोलू मी?" तो म्हणाला. "वाटा तं मीच ठेवला होता."

"लबाड कायले बोलता?" मंदाबाई म्हणाली. "पैला वाटा तुमी पाहुन्याले ठेवला. मंग थो पाहुना कधी घरी गेलाच नाई. कोर्टात दोनी सांगा."

बुधरामने माझ्या तळाच्या भोकातून हात घातला आणि खालची माती चाचपली.

"हे भोक कोनं पाडलं, थे बी सांगतो," तो उठत म्हणाला.

दोघं गाडीच्या उघड्या दारासमोरून चालत गेली आणि एस. टी.च्या थांब्यावर उभी राहिली. मेव्हण्याने दार आपटून लावलं.

कोर्टात काय होईल, मला ठाऊक नाही. पण पाळीवर बसलेल्यांनो, तुमच्यासाठी हा राग राखून ठेवलाय. साक्षीला तो एकटाच गेलाय. पुढच्या तारखेला तुमच्यातला एक तरी त्याच्याशेजारी उभा राहू द्या. मला पाण्याची आठवण येते, खोटं कशाला बोलू? लाकूड कोरडं पडून तडकत चाललंय, वाळवीही लागलीय. तरी मला सोडवायला कोणी त्या गाडीत बसू नका. मी इथे सडेन.