लाकडी विमानांचा सुतार

आगरदांड्याच्या खाडीकाठी गुणाजी मचवे बांधायचा. त्याला दोन मुलगे. थोरला चंदर बापाच्या हाताखाली राहिला. धाकटा भागोजी मात्र लढाईच्या धामधुमीत, वयाच्या विसाव्या वर्षी, हवाई दलात सुतार म्हणून भरती झाला. गावाला ते खरंच वाटेना. विमानात सुताराचं काय काम? साहेबलोकांची टेबलं-खुर्च्या करायला नेलाय, अशी चंदरची समजूत होती आणि ती त्यानं गावभर पसरवली.

पण काम विमानाचंच होतं. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, जेट विमानं आली, तरी भागोजीची गरज सरली नाही. कारण त्या पहिल्या जेटांचे पंख धातूचे असले, तरी वैमानिक बसायचा तो पुढचा भाग, विमानाचं पोट म्हणा, लाकडाचं होतं. आतबाहेर प्लायवूडचे पातळ पापुद्रे आणि मध्ये परदेशातून आलेलं, वाळल्या भोपळ्यासारखं हलकं लाकूड. ते विमान ताशी पाचशे मैल पळायचं. पुण्याजवळच्या तळावर भागोजी आणि आणखी चार सुतार त्याची डागडुजी करत. कुठं दगड लागून खोक पडायची, कुठं पावसाळ्याची ओल शिरायची. खराब भाग कापायचा, कडा उतरत्या तासायच्या, नवा तुकडा सरसानं बसवायचा, दाबून ठेवायचा, दिव्यांची ऊब द्यायची. मग तपासनीस बोटानं टिचकी मारून कान लावायचा. भागोजीच्या ठिगळाचा आवाज कधी बद्द आला नाही.

बाकीचे ठिगळ गोल किंवा चौकोनी कापत. भागोजी कापायचा ते होडीच्या फळीसारखं, एका टोकाला निमुळतं. बापानं शिकवलं होतं, असं टोक लवकर उघडत नाही. साहेबांनी सुरुवातीला नाकं मुरडली, मग सवय झाली. ज्या विमानाच्या अंगावर माशाच्या आकाराचा जोड दिसेल ते भागोजीच्या हातचं, हे तळावर सगळ्यांना ठाऊक झालं.

सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमाराला हंटर जेटं आली. नखशिखांत धातूची. पहिलं हंटर तळावर उतरलं तेव्हा मोठ्या साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, "यापुढं एकच विमान शत्रूच्या विमानाशी लढेल, बाँब टाकेल आणि जमिनीवरच्या फौजेला वरून साथ देईल. तिघांचं काम एकटं करील." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भागोजीनंही मनापासून वाजवल्या. संध्याकाळी त्यानं त्या विमानाच्या पोटावर तळहात ठेवून पाहिला. गार आणि गुळगुळीत. एवढं देखणं काही त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

महिन्याभरात तळावरची सुतारशाळा बंद करायचं ठरलं. सुतारांनी धातूचं काम शिकावं, परीक्षा द्यावी. जमणार नाही त्यांनी घरी जावं. बाकीच्या चौघांपैकी दोघं पास होऊन दुसऱ्या तळांवर गेले, दोघांनी आधीच नोकरी सोडली. भागोजी दोनदा बसला आणि दोनदा नापास झाला. परीक्षा इंग्रजीत, तेलाच्या नळ्यांचे नकाशे एकात एक गुंतलेले. शिकवणारा सार्जंट चांगला माणूस होता. तो म्हणाला, "भागोजी, हातात एवढी कला आहे, मग अडतं कुठं?"

"लाकूड हाताला बोलतं, साहेब. धातू बोलत न्हाय."

एकोणसाठ साली, सोळा वर्षांच्या नोकरीनंतर, भागोजी एक ट्रंक घेऊन आगरदांड्याला परत आला.

बाप गुणाजी तोवर वारला होता. चंदरनं जागा करून दिली. भागोजी वाकस घेऊन मचव्यांच्या फळ्या तासू लागला, पण त्याचा हात जड कामावरून उठला होता. जी फट चंदर कापूस-डांबर भरून बुजवून टाकायचा, ती भागोजी तासभर घासत बसायचा. "अरे, ही होडी हाय, विमान न्हाय," चंदर हसून म्हणायचा. लोकही हसत. भागोजीची बायको सगुणा तेवढी हसायची नाही. मुलूखभर फिरून आलेल्या नवऱ्याची नजर दिवसातून दहा वेळा आभाळाकडं जाते, हे तिनं ओळखलं होतं.

साठच्या नोव्हेंबरात, सकाळी नऊच्या सुमाराला, भागोजी फळी तासत असताना वरून ओळखीची शीळ आली. जुनं लाकडी जेट. शिकाऊ वैमानिकांसाठी काही अजून ठेवली होती. तो मान वर करतो न करतो तोच शीळ तुटली. मग खाडीच्या तोंडापलीकडं एक दणका झाला आणि बंदरावरचे कावळे एकदम उडाले.

कोळ्यांनी होड्या घातल्या. तेलाचा तवंग मिळाला, एक हातमोजा मिळाला. माणूस मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी जीप आणि लॉरी घेऊन हवाई दलाची माणसं आली आणि होड्यावाल्यांना जाळी ओढायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी चंदरच्या जाळ्यात दरवाजाएवढा एक तुकडा आला. भागोजी त्याच होडीत होता. त्यानं तुकडा उलटला.

एका टोकाला निमुळता, माशाच्या आकाराचा जोड. एका कडेनं उघडलेला.

लाकूड जोडाशेजारी फाटलं असेल तर जोड पक्का होता असं समजायचं. सरसाचा थर साफ सुटून चमकत असेल तर जोडानं दगा दिला. भागोजीनं ती कड बोटांनी चाचपली. अर्ध्या कडेवर लाकडाचे तंतू उपसलेले होते. अर्ध्या कडेवर सरस आरशासारखा चमकत होता.

"काय झालं?" चंदरनं विचारलं.

"हा माझा हात हाय, दादा."

"गप बस," चंदर इकडंतिकडं बघत म्हणाला. "कुणापाशी बोलू नको."

पण बंदरावर उतरताच भागोजी तो तुकडा घेऊन सरळ अधिकाऱ्यापुढं गेला. अधिकारी कोवळा, जेमतेम पंचविशीचा. भागोजीनं आपलं नाव सांगितलं, नोकरी सांगितली, जोड दाखवला. "हे लाकूड तपासायला पाठवा, साहेब. आधी सुटलं का पाण्यात आपटून सुटलं, ते कळंल."

अधिकाऱ्यानं तुकडा उलटसुलट करून पाहिला. "कोण तपासणार? लाकडातलं कळणारा माणूस तळावर राहिला नाही. तुम्हीच शेवटचे होता."

"मग मी येतो. मी बघून सांगतो."

"स्वतःच्या कामाची तपासणी स्वतःच करणार?" तो शांतपणे म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. "आणि हे बघा, येत्या मार्चात ही विमानं निघतायत. नव्यांची तयारी करतानाच आमची दमछाक होतेय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तुकडा लॉरीत गेला. भागोजीनं पुण्याला तीन पत्रं लिहिली. एकाला उत्तर आलं: अपघाताचं कारण निश्चित करता आलेलं नाही. लाकडाचा त्यात शब्द नव्हता.

तेव्हापासून भागोजीची झोप गेली. तो मनातल्या मनात ती सगळी ठिगळं पुन्हा पुन्हा बसवायचा. कुठल्या पावसाळ्यात बसवलेलं हे? त्या दिवशी सरस नीट घोटला होता ना? ऊब पुरेशी दिली होती ना? शेकडो जोडांपैकी तो एक त्याला काही केल्या आठवेना.

फेब्रुवारीत एक म्हातारे गृहस्थ मुरूडवरून आगरदांड्याला आले. पांढरं धोतर, काळा कोट, हातात कापडी पिशवी. चांगदेवराव निकम, कऱ्हाडकडचे. मेलेल्या वैमानिकाचे, जयसिंगचे वडील. मुलगा सापडलाच नाही, तेव्हा जिथं गेला ते पाणी तरी पाहावं म्हणून आले होते. बंदरावरच्या लोकांनी भागोजीकडं बोट दाखवलं.

भागोजीनं होडी काढली. खाडीच्या तोंडाबाहेर आल्यावर वल्ही आवरून तो म्हणाला, "इथंच."

म्हाताऱ्यांनी पिशवीतून फुलं काढून पाण्यात सोडली. फुलं होडीपासून लांब जाईपर्यंत ते पाहत राहिले. मग ते बोलले.

"पुढल्या महिन्यात हंटरवर जाणार होता. निवड झाली होती. जुन्या विमानावरची शेवटची दोन-चार उड्डाणं राहिली होती." त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "मला हवाई दलानं कळवलंय की वैमानिकानं उंची राखली नसावी. नसावी. पण आमच्या गावात 'नसावी' कुणी ऐकत नाही. निकमांच्या पोरानं सरकारचं विमान बुडवलं, असं बोलतात. त्याच्या आईनं ओट्यावर यायचं सोडलंय."

भागोजी म्हणाला, "साहेब, मला तुमाला सांगायचंय."

त्यानं सगळं सांगितलं. सुतारशाळा, ठिगळ, जाळ्यात आलेला तुकडा, अर्धी चमकती कड, पुण्याला लिहिलेली पत्रं. "तुमच्या मुलाची चूक नसंल. माझा जोड सुटला असंल. मला नक्की ठाऊक न्हाय, पण तसं झालं असंल."

चांगदेवराव मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग शोधत भागोजी बसला होता. राग नव्हता.

"तो तुकडा कुठं आहे?"

"लॉरीतनं नेला."

"तुमच्या पत्राला उत्तर आलं, त्यात लिहिलंय का हे?"

"न्हाय."

म्हाताऱ्यांनी भागोजीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "एवढ्या लांबून एक बाप आलाय, त्याच्या पोराच्या कपाळीचा डाग आपल्या कपाळी घ्यावा, असं तुमच्या मनात आलं. हे कुणाला सुचत नाही हो."

"न्हाय साहेब, खरं सांगतो. आईची शपथ—"

"शपथ घेऊ नका," ते चटकन म्हणाले. "माझ्यासाठी खोटी शपथ नको."

बंदरावर चंदर उभा होता. भागोजीनं होडीतूनच हाक मारली, "दादा, यांना सांग. तुझ्याच जाळ्यात आलेला ना तो तुकडा? माझा जोड व्हता ना त्याच्यावर?"

चंदरनं भावाकडं पाहिलं. तीन महिन्यांतच वाळून गेलेलं ते तोंड पाहिलं. आणि तो म्हणाला, "तुकडे बरेच आले, साहेब. ह्याला सगळ्यांत आपलाच हात दिसतो. मन हळवं हाय त्याचं. तुमी कायपण मनावर घेऊ नका."

चांगदेवरावांनी मान हलवली. त्यांना वाटलं होतं तेच उत्तर मिळालं, पण पोराचा डाग तसाच राहिला, आणि त्यांचा चेहरा आणखी उतरला. जाताना त्यांनी भागोजीला वाकून नमस्कार केला. एवढ्या वयाच्या माणसानं केलेला तो नमस्कार भागोजीला झेपला नाही. तो तिथंच दगडावर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागोजीनं वाकस, रंधा, पटाशी सगळं चंदरच्या अंगणात नेऊन ठेवलं. "का रं?" चंदरनं विचारलं. "तुझ्याच भल्यासाठी बोललो मी. खटल्यात अडकवलं असतं तुला."

"अडकवलं असतं तर बरं झालं असतं, दादा. कुणीतरी बघितलं तरी असतं."

खाडीपलीकडं दिघीला माणसं नेणाऱ्या तरीवर दोर बांधायला, उतारूंना हात द्यायला माणूस हवा होता. भागोजी तिथं लागला. लाकडाला त्यानं पुन्हा हात लावला नाही. सगुणानं घराच्या मोडक्या दाराबद्दल दोनदा सांगून पाहिलं, मग दिघीहून सुतार बोलावला.

दरवर्षी कार्तिकात कऱ्हाडहून एक पोस्टकार्ड यायचं. तुमची आठवण होते, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. सगुणा विचारायची, "काय लिवलंय?" भागोजी म्हणायचा, "खुशाली."

चौथ्या वर्षी कार्डावरचं अक्षर फार वाकडं झालं होतं. जयसिंगची आई गेली, असं चांगदेवरावांनी लिहिलं होतं. शेवटच्या दिवसांत तिच्या जिवाला आराम पडावा म्हणून जोड सुटल्याची तुमची ती गोष्ट मी तिला खरी म्हणून सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही मला फसवताय.

भागोजीनं त्याच दिवशी टपालकचेरीतून कोरं कार्ड आणलं. तरीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये, मांडीवर ठेवून, एकच ओळ लिहिली: ती गोष्ट खरी होती. खाली पूर्ण नाव, हवाई दलातला जुना नंबर आणि हुद्दा.

दहा दिवसांनी उत्तर आलं.

"आपला थोरपणा अजून तसाच आहे," चांगदेवरावांनी लिहिलं होतं. "आता मात्र हे ओझं खाली ठेवा."

भागोजीनं कार्ड दोनदा वाचलं. पलीकडून तरीसाठी हाका येत होत्या. त्यानं ते खिशात घातलं आणि दोर सोडायला गेला.