एकेचाळीस खोकी

"पाचवा कागद," चिनात्सु म्हणाली. "आभाराचं पत्र लिहितोयस की रद्दीचं दुकान काढतोयस?"

निशिउरा तोमोनारीने बायकोकडे मान वर करून पाहिलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोपर टेकून, ब्रशपेन मुठीत आवळून तो बसला होता. अठ्ठावीस वर्षांचा, खांद्यांनी रुंद आणि गुडघ्यांनी थकलेला माणूस. पिचरने ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने टाकलेला चेंडू हा कॅचर पापणी न हलवता झेलायचा, पण आभाराच्या चार ओळी लिहायच्या म्हटल्यावर त्याला दरदरून घाम फुटला होता.

गेल्या शनिवारी समुद्रापलीकडच्या शहरात एका व्यावसायिक बेसबॉल संघाची निवड चाचणी झाली. सकाळी एकशे दहा जण होते, दुपारपर्यंत सात उरले आणि त्या सातांत हा होता. निघताना संघाचे निवड अधिकारी हिराइवा स्वतः चालत त्याच्यापाशी आले. "छान झेललंत. दहा दिवसांत कळवू," एवढंच म्हणाले आणि गेले. चाचणीला वयाची अट अठ्ठाविसाची, आणि जानेवारीत तोमोनारी एकोणतीस पूर्ण करणार. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. शाळेत असल्यापासून त्याने या एका गोष्टीपायी हाडं झिजवली होती. चार वर्षं एका किरकोळ लीगमध्ये काढली, तर तो संघच बंद पडला. तेव्हापासून तो गावच्या संत्र्यांच्या सहकारी संस्थेत प्रतवारीच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभा राहायचा आणि रविवारी संस्थेच्या संघातून खेळायचा.

निवड झालेल्याला फोन येतो. न झालेल्याला येत नाही. आपण होऊन फोन करणं म्हणजे अगदीच आगाऊपणा. शोभेल अशी एकच गोष्ट, हाताने लिहिलेलं आभाराचं पत्र. तेही सुरुवातीला ऋतूची विचारपूस करून, नीट उभ्या ओळींत.

सातवा कागद बरा उतरला. सकाळी तो त्याने शिगेमात्सु काकांना दाखवला. काका संस्थेचे प्रमुख, गावच्या संघाचे मॅनेजर आणि चाचणीसाठी त्याला रजा देणारे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पत्र दोनदा वाचलं.

"चांगलंय. पण फार कोरडं वाटतं रे."

"कोरडं म्हणजे?"

"नुसता कागद पाठवतोस माणसाला? बरोबर एक खोकं जाऊ दे. दहा किलोचं, एक नंबर माल."

"काका, नको. लाच दिल्यासारखं दिसेल."

"तुझ्या नावाने कोण पाठवतंय? मी माझ्या नावाने पाठवीन."

"तरी नको. हात जोडतो तुम्हाला."

"बरं बाबा, नाही पाठवत," काका म्हणाले, आणि संध्याकाळी पाठवून मोकळे झाले.

त्यांचंही काय चुकलं म्हणा. या गावात आभार मानायचे तर संत्री, माफी मागायची तर संत्री, कुणाला मूल झालं की संत्री आणि कुणी गेलं तरी संत्रीच. नोव्हेंबरात तर डोंगर नुसते पिवळेधमक झालेले असतात. काकांनी ही गोष्ट फक्त न्हाव्याला सांगितली, तीही कुणाला सांगायची नाही या अटीवर. न्हाव्याच्या मनात आलं, आपणही या पोराचे केस पंधरा वर्षं कापतोय, आपलं एक गेलं तर काय बिघडलं? त्याने बायकोला सांगितलं, बायकोने बहिणीला. प्रत्येकाने गुपचूप एक खोकं पाठवलं आणि प्रत्येकाला वाटलं की हे फक्त आपल्यालाच सुचलं.

तोमोनारीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गळ्यात अडकवून तो पट्ट्यापाशी उभा राहत होता. फोन वाजायचा आणि निघायची मावशी. पुन्हा वाजायचा, तर दातांचा दवाखाना. आठ दिवस गेले. पट्ट्यावरच्या बायका त्याच्याकडे बघायच्या, मग एकमेकींकडे बघायच्या आणि गप्प व्हायच्या.

नवव्या दिवशी दुपारी अनोळखी नंबर आला. तो हातातली संत्री टाकून बाहेर पळाला.

"निशिउरासान, एक विचारू का?" हिराइवांचा आवाज होता. "तुमच्या गावात माणसं किती?"

"अं... साडेतीन हजार असतील."

"मग अजून किती खोकी यायची आहेत?"

"कसली खोकी?"

"संत्र्यांची हो. आजपर्यंत एकेचाळीस आली. जिन्यात आहेत, चषकांच्या कपाटापुढे आहेत, आता माझ्या टेबलाखाली आहेत. पाय कुठे ठेवू? आणि भेट आली की परतभेट द्यायला नको का? आमच्या कुबोताबाई दोन दिवस नुसते पत्ते लिहीत बसल्यात."

तोमोनारीच्या तोंडचं पाणी पळालं. "मला... मला खरंच काही माहीत नव्हतं."

"असू दे. उद्या येऊन भेटता येईल?"

तो आत आला तेव्हा पट्टा थांबलेला होता. चिनात्सुही त्याच संस्थेत कचेरीत होती. तिने त्याचा चेहरा पाहिला, सगळं ऐकलं आणि तडक काकांकडे गेली.

"काका, खोकं पाठवलंत?"

"मी एकच पाठवलं," काका म्हणाले.

"मी पण एकच," मागून एक बाई म्हणाली. मग दुसरी म्हणाली, मग ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला. सगळ्यांनी अगदी एकेकच पाठवलं होतं.

"चांगलंच काम केलंत," चिनात्सु म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं गंगेत घोडं न्हाणार होतं, ते तुम्ही संत्र्यांखाली गाडलंत." काका ओशाळून चष्मा पुसू लागले.

अशी माफी फोनवर मागत नाहीत. काळा सूट चढवायचा, समोर जायचं, कमरेत वाकायचं आणि हातात खाऊचा पुडा ठेवायचा. आता पुडा कसला न्यायचा, हा प्रश्न पडला. गावातल्या मिठाईच्या दुकानात संत्र्याचा केक, संत्र्याची जेली, संत्र्याचं पुरण भरलेल्या वड्या. चिनात्सुने दुकानभर नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला. शेवटी कोळणीकडून सुक्या मासळीचा पुडा घेतला. सकाळच्या बोटीत तोमोनारीच्या शेजारी कुणीच बसलं नाही.

संघाच्या कचेरीत पाऊल टाकताच तो वाकला. "माझ्यामुळे आपल्याला फार त्रास झाला. गावची माणसं साधी आहेत, त्यांच्यावर राग नका धरू. चूक माझी."

"उठा, उठा," हिराइवा म्हणाले. कुबोताबाई तोंडात संत्र्याची फोड धरून हसत होत्या. "गोड आहेत हो," त्या म्हणाल्या. "आमचे पिचर तर रोज चार-चार खिशात घालून नेतात. पण हा वास कसला?"

"मासळी," तोमोनारीने पुडा पुढे केला.

हिराइवांनी त्याला आतल्या खोलीत नेलं, चहा दिला आणि दार लावून घेतलं. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"स्पष्टच बोलतो. खेळाडू म्हणून तुम्हाला घेता येणार नाही. बॅटिंग बेताची आहे आणि गुडघे मोठ्या हंगामात टिकणार नाहीत. हे संत्री यायच्या आधीच ठरलं होतं."

"हो," तोमोनारी म्हणाला.

"पण माझे तीन पिचर त्या दिवशी तुम्हाला चेंडू टाकून गेले आणि तिघेही एकच म्हणाले. या माणसाला टाकताना आपण आहोत त्याहून चांगले वाटतो. म्हणून विचारतो, सरावाचे कॅचर म्हणून याल? युनिफॉर्म मिळेल, पाठीवर सरावातल्यांचा तीन आकडी नंबर मिळेल. मैदानात मात्र कधी उतरायचं नाही. रोज जाळीच्या आत बसून दोन-अडीचशे चेंडू झेलायचे आणि सामना सुरू झाला की बाजूला व्हायचं."

तोमोनारीने कप खाली ठेवला. वीस वर्षं ज्या दारावर धडका मारल्या ते आज बंद झालं, हे त्याला कळत होतं. त्याला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी, रोज अडीचशे चेंडू, तेही देशातल्या पहिल्या प्रतीच्या पिचरांचे, या विचाराने त्याचा डावा तळहात शिवशिवायला लागला.

"आठवडाभर विचार करून सांगा," हिराइवा म्हणाले.

"नको," तोमोनारी म्हणाला. "येतो मी."

धक्क्यावरून त्याने घरी फोन लावला. "लागलो," एवढंच म्हणाला आणि बोटीकडे वळला. "बाकीचं आल्यावर सांगतो."

चिनात्सुने आनंदाने रडत काकांना सांगितलं आणि काकांनी या खेपेला कुणाला सांगू नका, असं कुणालाच बजावलं नाही.

बोट लागली तेव्हा सूर्य टेकला होता. धक्क्यावर साठ-सत्तर माणसं उभी होती. न्हावी दुकान बंद करून आला होता, पट्ट्यावरच्या बायका ॲप्रनसकट आल्या होत्या. काकांनी आणि ड्रायव्हरने एक लांबलचक कापड धरलं होतं आणि त्यावर काकांच्या हातची ठळक अक्षरं होती : 'आमचा व्यावसायिक खेळाडू, निशिउरा तोमोनारी.' तोमोनारीने ते वाचलं आणि बोटीच्या फळीवरच त्याचे पाय अडखळले. पण तो उतरला, सगळ्यांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि खरं ते सांगितलं. खेळाडू म्हणून नाही. सरावाचा कॅचर. सामन्यात नाही.

कापडाचं एक टोक खाली आलं.

"म्हणजे टीव्हीवर दिसणार नाहीस?" काकांनी विचारलं.

"नाही."

"पण ते मोठमोठे पिचर, त्यांचे चेंडू आधी तुझ्याच हातात येणार?"

"हो. रोज."

काका मागे वळले. "ऐकलंत का? टीव्हीवर दिसणार नाही म्हणजे बघायला आपल्यालाच तिकडे जावं लागणार. एप्रिलमध्ये हंगाम सुरू झाला की अख्खी बोट ठरवू. आणि हे बघा, येताना कुणीही संत्री घ्यायची नाहीत."

"मी एकच घेईन," न्हावी म्हणाला. धक्का हसण्याने दणाणून गेला, कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळेच वाजवू लागले. तोमोनारीने विजारीच्या शिवणींवर हात टेकवले आणि त्यांच्यासमोर कमरेत वाकला.

टाळ्या थांबल्या. कापडाची घडी झाली. तो अजून वाकलेलाच होता, आणि त्याचे खांदे हलत होते. चिनात्सु पुढे आली, त्याच्या आणि माणसांच्या मध्ये उभी राहिली आणि त्याच्या कोटाची पाठ झटकू लागली. कोटावर काहीच नव्हतं, तरी तो ताठ होईपर्यंत ती झटकत राहिली.