एकाच माणसाचं काम

“हा डबा ऐकतो का गं?” मी विचारलं.

शिडीवर चढलेली सेन्सरताई हसली. हे सेन्सर बसवायला नव्या कंपनीकडून आलेली पोरगी. साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा ती भिंतीवर बसवत होती. “नाही हो काका. खोली किती तापलीय ते बघतो. आणि आत माणूस आहे की नाही ते.”

“म्हणजे बघतो!”

“नोंद घेतो.”

“बघतो, नोंद घेतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. साहेबांच्या नात्यातला दिसतोय.”

ती परत हसली. हसणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. मी स्वतः दिवसभर हसत असतो ना, म्हणून.

आमच्या ऑफिसच्या तळघरात एसीचा प्लांट. त्यावर माणसं दोनच. सकाळी मी, दुपारनंतर दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मला इथे चिकटवलं ते त्यांनीच. काम काय, तर फोन आला की व्हॉल्व्ह पिळायचा. खिडकीपाशी टायपिंगच्या बाया शाली गुंडाळून बसायच्या आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला हिशेबनीस फायलीने वारा घ्यायचा. एकाची समजूत काढावी तर दुसऱ्याचा फोन. रिकामं सभागृह मात्र दिवसभर गारेगार. खुर्च्यांची चैन.

आता खोलीखोलीत डबा, आणि सगळ्या डब्यांची खबर तळघरातल्या एका स्क्रीनवर. माणूस नसेल तिथली हवा आपोआप बंद, गर्दी झाली की आपोआप जोरात. वीज वाचणार, माणसं सुखात राहणार. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून हे सगळं समजावलं आणि शेवटी छताकडे बघत म्हणाले, “प्लांटवर आता एकच माणूस पुरेल. कोण, ते बघू.”

त्या दिवसापासून दाजी माझ्याशी फार गोड बोलायला लागले. मीही. घरातली माणसं लोणी लावून बोलायला लागली की समजावं, सुरी जवळच कुठेतरी आहे.

“मेहुणे, दमलात. जा घरी, मी बघतो.”

“छे छे दाजी, तुम्हीच बसा जरा.”

त्यात दाजी शिफ्टच्या आधीच यायला लागले. एकदा पायऱ्या उतरताना बघितलं, तर दाजी आणि सेन्सरताई स्क्रीनपुढे डोक्याला डोकं लावून बसलेले. मी दिसताच दोघं गप्प.

“काय गुफ्तगू चाललंय?”

“हवापाण्याच्या गप्पा,” दाजी म्हणाले.

संध्याकाळी माझ्या बहिणीचा, ताईचा फोन. “काय रे, तुझे दाजी घरातून एवढ्या लवकर का निघतात हल्ली? आणि ती नवी पोरगी कोण आलीय म्हणे?”

“लेकीच्या वयाची आहे गं ताई.”

“मग भांग का पाडून जातात?”

ताईचा संशय वेगळा, माझा वेगळा. म्हातारा गुपचूप स्क्रीन शिकतोय, ही माझी खात्री. मला नोकरीला लावणारा माणूसच मला उठवणार! पण संशयाने पोट भरत नाही, पुरावा लागतो. आणि पुरावा काढायची माझी एक पद्धत आहे. ती शाळेत मास्तरांना आवडली नव्हती आणि अजून कोणाला आवडलेली नाही.

साहेब जेवायला गेले. माझी शिफ्ट संपत आली होती. मी त्यांच्या केबिनमध्ये शिरलो आणि डब्याच्या बरोब्बर खालच्या कपाटावर उकळत्या चहाचा ग्लास ठेवून दिला. डब्याला वाटणार, आत माणसांची गर्दी झाली आणि खोली पेटली. तो गार हवेचा लोट सोडणार आणि तळघरात स्क्रीनवर लाल खूण लुकलुकणार. दाजी शिकलेले असले तर लोट थांबवायला झटक्यात बटणं दाबतील. मग मी पंपामागून “सापडलात!” म्हणून बाहेर येणार. येताना कसं तोंड करायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

पंपामागे तोंडात रुमाल कोंबून बसलो. दाजी आले, स्क्रीनपुढे बसले. लाल खूण लागली. लुकलुकायला लागली.

दाजींनी काहीच केलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी मान तिरकी केली. कोंबडी दाण्याकडे बघते तशी, एका बाजूने. मग स्क्रीनजवळ नाक नेलं. खिशातून रुमाल काढला आणि ती लाल खूण पुसायला लागले. पुसली, पुन्हा मान वाकडी करून बघितलं, पुन्हा पुसली. रुमालाला थुंकी लावून पुसली.

मला हसू यायला हवं होतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. आवाज पंपामागे मला ऐकू आला. “केबिन आहे की बर्फाचा कारखाना? झोपलात का खाली?” पाठोपाठ सेन्सरताई धावत उतरली आणि तिच्यामागे साहेब, नाक लाल झालेलं.

“काका, केव्हाची खूण लागलीय! मी अक्षरं मोठी करून दिली होती ना तुम्हाला?”

“दिली होतीस बाळा. तरी नाही दिसत.”

“काय दिसत नाही?” साहेबांनी विचारलं.

मी बाहेर आलो. “साहेब, ग्लास मी ठेवला. गंमत केली. यांची काही चूक नाही.”

“मेहुणे, थांबा जरा.” दाजी उठून उभे राहिले. “साहेब, माझ्या डोळ्यात मधोमध डाग पडलाय. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं जातं. आजूबाजूचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, परत यायचं नाही. व्हॉल्व्ह हाताला कळायचा, तोवर चाललं. हे काचेतलं काम मला नाही व्हायचं. याला बसवा.”

साहेब पुन्हा छताकडे बघायला लागले.

ते दोघं वर गेल्यावर मी म्हणालो, “मला सांगायचं तरी.”

“तुम्हाला? मला वाटलं तुम्हाला केव्हाच कळलंय. साहेबांच्या कानावर घालायची वेळ बघताय.”

“एवढा नीच समजता मला?”

“तुम्ही मला काय समजत होतात?”

दाजींनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. “तुमच्या ताईला एवढ्यात सांगू नका. ती मला रस्तासुद्धा ओलांडू द्यायची नाही.”

“तिला वाटतंय तुमचं बाहेर काहीतरी आहे.”

“वाटू दे,” दाजी खूश होऊन म्हणाले. “तेवढं राहू दे.”

आता स्क्रीनपुढे मी बसतो. खोटं कशाला बोलू, हवा झकास झालीय. बायांच्या शाली गेल्या, हिशेबनीस शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावून बसतो, फोन वाजतच नाही. दाजींना साहेबांनी गेटवर खुर्ची दिली. मी सेन्सरताईला म्हटलं, “गेटवर एक डबा बसव की.”

“काका, तिथं भिंत कुठाय? उघड्यावर काय गार करणार?”

दुपारी मी वर जाऊन जिन्याच्या खिडकीतून बघतो. ऊन कलतं, कमानीची सावली सरकते. दाजी उठतात, खुर्ची सावलीमागे थोडी ओढतात, हाताने चाचपून बघतात आणि मग बसतात.